त्या बाटलीचा रंग

ताई, तुमचं शेवटचं दर्शन घ्यायला साताऱ्यात जमलेल्या बायकांपैकी निम्म्या नर्स होत्या आणि त्यातल्या बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. रडता रडता एकमेकींच्या पायांची सूज बघत होत्या. मला दाराशी धाप लागली तशी दोघींनी धरून खुर्चीत बसवलं, तिसरीनं मनगट हातात घेतलं आणि चौथीनं विचारलं, "दत्तूदादा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पुऱ्या घेता ना? का बरं वाटलं की सोडता?" आत तुम्ही चटईवर शांत पडला होतात. एरवी आतूनच ओरडला असतात, "उत्तर दे की तिला, दत्तू." मी पाणी मागितलं. गोळ्या मधेच सोडल्या होत्या.

तुमच्या हाताखाली शिकलेल्या मुली तुमच्यावर एक लहानसं पुस्तक काढताहेत. तुमची शिस्त, तुमची पांढरी साडी, घड्याळाआधी हजर राहण्याची सवय, हे सगळं त्या लिहितील. माझ्याकडे "इंदूताई आणि सांगलीचे दिवस" असा विषय आलाय. सांगलीच्या त्या दिवसांतली एक गोष्ट मी सोडून कुणालाच लिहिता यायची नाही. आणि ती आधी तुम्हाला सांगायला हवी होती.

मी फौजेतून सुटून आलो ते शेहेचाळीस साल. बर्माच्या बाजूला फौजी इस्पितळात पट्ट्या बांधायचो, तेवढ्या भांडवलावर सांगलीच्या धर्मादाय इस्पितळात ड्रेसर म्हणून चिकटलो. इंग्रजी लेबलं वाचता येतात म्हटल्यावर निम्मा कंपाउंडरही झालो. तुम्ही वाईच्या, पुण्यात शिकून आलेल्या, माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठ्या. आठ मुली तुमच्या हाताखाली नर्सिंग शिकत होत्या. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "फौजेतून काय आणलंस?" मी मोठ्या ऐटीत पत्र्याचा डबा उघडला. तळाला सल्फाच्या, जंतू मारायच्या, थोड्या गोळ्या उरल्या होत्या.

"बाकीच्या कुठं गेल्या?"

"गावात वाटल्या की. कोरेगावात आमच्या आळीत ताप होता."

"कुणाकुणाला?"

"समद्यास्नी. घरटी एक गोळी. अन्याय नको कुणावर."

"घरटी एक," तुम्ही म्हणालात. "म्हणजे कुणालाच नाही."

डबा तुमच्या कपाटात गेला, आणि त्या दिवशी आपलं जे भांडण लागलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, आमच्याकडं अर्धी भाकरी दोघांनी खाल्ली की दोघं जगतात. फौजेत तर एका डब्यावर चौघं जगलोत. तुम्ही म्हणायचात, "भाकरी माणसाच्या पोटात जाते, हे औषध जंतूच्या पोटात जातं. जंतूला अर्धी भाकरी घालशील तर तोही जगेल, आणि अंगात ताकद धरून जगेल." उत्तर बिनतोड होतं. पण मला ते पटलेलं नव्हतं. तुमच्यापुढे मान हलवायची आणि मनात आपलंच धरायचं, हे मी फौजेतच शिकलो होतो.

तुमचा "नाही म्हणायचा तास" मात्र मला मनापासून आवडायचा. पेनिसिलीन तेव्हा नवं नवं होतं. मुंबईहून मोजक्या बाटल्या यायच्या, आणि गावभर बातमी झालेली की एक सुई टोचली की मेलेला उठतो. सर्दी झालेला, पाय मुरगळलेला, परीक्षेत नापास झालेल्या पोराचा बाप, सगळे "ती नवी सुई" मागत दारात उभे. डॉक्टर "नाही" म्हणून आत निघून जायचे. लोक मग मुलींना गाठायचे. तुम्ही म्हणालात, सुई टोचायला एक आठवडा पुरतो, नाही म्हणायला वर्ष लागतं. आणि त्या तासाला पेशंट म्हणून मला उभं केलंत.

मी कोण कोण झालो नाही? आष्ट्याचा पाटील झालो, डोक्यावर पदर घेऊन व्यापाऱ्याची आई झालो, देवीचा भक्त होऊन अंगात आणलं. एक मुलगी घाबरून रडली. दुसरीनं "घ्या बाबा, पण ओरडू नका" म्हणत खरोखरच सुई उचलली आणि तुम्ही कपाळाला हात लावलात. अनसूयेची पाळी आली तेव्हा मी सर्दी झालेला, पेन्शनीतला सुभेदार होतो.

"मी बर्मात लढलोय, पोरी. ती सुई हिकडं आण."

"सुभेदारसाहेब, वाफ घ्या. सर्दीला ती चालत न्हाई."

"न्हाई म्हणणारी तू कोण गं?"

"मी बाळंतिणीच्या खोलीतली. तितं एक बाई त्याच बाटलीवर जगतीया."

"मी कलेक्टरास्नी सांगीन."

"सांगा की. त्यास्नी सर्दी झाली तर त्यास्नी बी हेच सांगीन."

मला हसू आवरेना, सुभेदाराची मिशी गळून पडली. तुम्हीही पदर तोंडाला लावलात. तासगावकडची शेतकऱ्याची पोर, अठरा वर्षांची, अजून धड नववारी सोडली नव्हती. पण तुमच्या आठांत ती पहिली आहे हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. तुम्ही तिला मोठ्यानं शाबासकी दिली नाहीत. "उद्यापासून बाळंतिणीची सुई तू टोचायचीस," एवढंच म्हणालात. तीच शाबासकी होती.

आता माझं लिहितो.

ती बाळंतीण म्हणजे आष्ट्याची पारूबाई. बाळंत झाल्यावर तिसऱ्या दिवशी ताप भरला, बरळायला लागली. मोठ्या डॉक्टरांनी होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या तिच्या नावानं काढल्या: सात दिवस, दर तीन तासांनी एक सुई. तेव्हाची पेनिसिलीनची भुकटी पिवळी असायची. सकाळी मी ती मिठाच्या उकळलेल्या पाण्यात कालवायची, बाटली ओल्या वाळूत रोवलेल्या माठात थंड ठेवायची, आणि अनसूयेनं तीन तासांनी त्यातून सुई भरायची, अशी व्यवस्था होती. औषधाच्या तिसऱ्या दिवशी पारूबाईचा ताप उतरला. त्याच संध्याकाळी ती उठून बसली आणि पोराचं नाक कुणावर गेलंय यावरून सासूशी भांडायला लागली. ताई, ते भांडण ऐकून सगळा वॉर्ड खूश झाला होता. मीही.

त्याच वेळी पुरुषांच्या वॉर्डात माझा फौजेतला दोस्त गणू पैलवान पडून होता. मांडीला गळू, हाडापर्यंत गेलेलं. त्याला सल्फा चालू होतं, मी रोज पट्टी बदलायचो. त्यानं माझा हात धरला. "दत्त्या, बाई तर उठून बसलीया. ऱ्हायलेली सुई मला दे की गड्या. पाय गेला तर म्या कुस्ती कशी करू?"

माझ्या डोक्यात हिशेब सोपा होता. ती बरी झाली. हा व्हायचाय. अर्धी भाकरी हिची झाली, अर्धी ह्याची. मी कुणाचं काही हिरावून घेतोय असं मला वाटलंच नाही. उलट आपण फार न्यायाचं काम करतोय असं वाटलं. चौथ्या दिवशी सकाळी मी औषध गणूच्या नावानं वेगळ्या बाटलीत कालवलं, आणि पारूबाईच्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी भरलं. गणूला मीच गुपचूप टोचायचो.

अनसूयेनं बाटली माठातून काढली आणि खिडकीशी उजेडात धरली.

"दादा, आज ह्याला रंग न्हाई. काल हळदीच्या पाण्यावानी हुतं."

"नवा माल आलाय मुंबईहून. शुद्ध केलेला. शुद्ध माल पांढराच असतो."

"व्हय?"

"व्हय. वेळ होतीय, जा."

ती गेली. अख्ख्या सांगलीला नाही म्हणू शकणारी पोर मला नाही म्हणाली नाही, कारण मी तिच्याकडचा माणूस होतो. नाही कसं म्हणावं हे तिनं माझ्यावरच तर गिरवलं होतं. तीन दिवस ती घड्याळ लावून वेळेवर मिठाचं पाणी टोचत राहिली.

सहाव्या दिवशी पारूबाईला पुन्हा ताप भरला, पहिल्यापेक्षा चढा. सातव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. औषध चालू असताना ताप उलटतो कसा? सुया चुकल्या असणार. अनसूया म्हणाली, एकही चुकली नाही. मग म्हणाली, "औषधाला रंग नव्हता, सर. मी दादांना विचारलं होतं." गावाकडची भाषा मागे टाकून, तुम्ही शिकवल्याप्रमाणे स्वच्छ बोलली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पिवळाच होता, साहेब. रोजच्यासारखा."

अनसूयेनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं खिडकीकडे पाहिलं, जिथं तिनं बाटली धरली होती.  माझ्या शब्दावरून डॉक्टरांनी ठरवलं की पोरीनं सुया चुकवल्या आणि वर सबब रचली. तिचं नाव कमी झालं. तुम्ही म्हणालात, "मुलीचं चुकलं असेल तर ते माझ्या शिकवण्यात चुकलं. आम्ही दोघी जातो." आवाजही चढवला नाहीत. महिन्याभरात साताऱ्याच्या लहान इस्पितळात गेलात, आणि अनसूयेला तिथं पहिल्यापासून पुन्हा सुरू करायला लावलंत. तुमची ट्रंक गाडीत मी चढवली. तुम्ही खिडकीतून म्हणालात, "साताऱ्याला येत जा रे. मुलींना नाही म्हणायला कुणीतरी लागतं."

तेव्हा का बोललो नाही, याचं भारदस्त कारण माझ्याकडे नाही. नोकरी नवी होती, लग्न ठरत होतं, आणि मी भित्रा होतो. पहिल्या आठवड्यात बोलायला धीर हवा होता. नंतर त्याच्या दुप्पट हवा होता, आणि तो वाढतच गेला.

माझ्या न्यायाचं फळ दोघांनाही मिळालं. पारूबाईला मुंबईहून नव्या बाटल्या येईपर्यंत चार दिवस झुंजावं लागलं. वाचली, पण दीड महिना खाटेवर, आणि अंगावरचं दूध आटलं. पोर शेळीच्या दुधावर वाढलं. पुढं ते एवढं धिप्पाड झालं की आष्ट्यात लोक बायकांना शेळी पाळा म्हणून सांगू लागले. गणूची सूज उतरली, आठव्या दिवशी तो टुणटुणीत होऊन घरी गेला आणि महिन्यानं सुजलेला गुडघा घेऊन परत आला. पाय वाचला, पण गुडघा ताठ झाला. आखाड्यात पंच म्हणून काठी टेकत उभा राहायचा आणि खेळणाऱ्यांना अशा शिव्या घालायचा की कुस्तीपेक्षा लोक त्याच ऐकायला यायचे. मरेपर्यंत सांगत होता, दत्त्यानं मला वाचवलं. मी ऐकून घ्यायचो. अर्ध्याच औषधानं उरलेले जंतू तगले आणि त्याच गुडघ्यात घर करून बसले, असं आता मला वाटतं.

तुमच्या बोलावण्याप्रमाणे मी साताऱ्याला येत राहिलो. महिन्यातून एकदा, सुटी काढून. तुमच्या नव्या मुली मला बघूनच हसायच्या. "आज कोण, दादा?" कधी तहसीलदार, कधी तहसीलदाराची बायको. ताई, ते दिवस मी चोरून उपभोगल्यासारखे उपभोगले. तुम्ही मला लेबलांपलीकडचं इंग्रजी शिकवलंत, हात कोपरापर्यंत धुवायला शिकवलंत, माझ्या बायकोच्या पहिल्या बाळंतपणाला तीन दिवस उशाशी बसलात. आणि माझ्या घरात आलेली प्रत्येक गोळी शेवटपर्यंत घेतली जाते की नाही हे पोस्टकार्ड लिहून विचारत राहिलात.

एकोणपन्नास साली एका दुपारी तुम्ही म्हणालात, "आज दुसऱ्या कुणाचं सोंग नको. आज तू कंपाउंडर." हातात भरलेली सिरिंज दिलीत. "ही त्या मुलीला द्यायची. घाई करायची. तिनं घेतली तर तू जिंकलास."

तोवर गंमत अशी झाली होती की पेनिसिलीन खरोखरच शुद्ध होऊन पांढरं यायला लागलं होतं. मी अनसूयेला मारलेली थाप दोन वर्षांत खरी ठरली होती. आता रंगावरून कुणालाच काही कळणार नव्हतं. म्हणून तुम्ही साताऱ्यात नियम केला होता, जो तुमच्या सगळ्या मुली अजून पाठ म्हणतात: ज्या हातानं कालवलं त्याच हातानं टोचायचं. तो नियम का केला हे तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं.

ती मुलगी म्हणाली, "मी माझी मी कालवीन."

"अगं, तयार आहे. शुद्ध माल आहे."

"असू दे. मी कालवीन."

"वेळ होतीय, जा," मी म्हणालो. आणि ऐकलं, मी काय म्हणालो ते.

मागे बाकावर तुम्ही वही मिटलीत. मुलीनं सिरिंज माझ्या हातात परत ठेवली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मुली गेल्यावर तुम्ही मला चहा दिलात, समोर बसलात आणि म्हणालात, "दत्तू, काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "चहात साखर कमी झालीय, ताई."

तुम्ही उठलात, दोन चमचे साखर आणून घातलीत, ढवळून दिलीत. पुन्हा कधी विचारलं नाहीत.

इथं मी तुमच्याशी भांडणार आहे, तुम्ही गेला असलात तरी. अनसूयेनं तुम्हाला माझे शब्द सांगितले असणार, तेच मी भर वर्गात बोललो. तुम्हाला कळलं होतं. मग एकदाच का विचारलंत? एकदा विचारून सोडून देणं हा अर्धाच डोस झाला, ताई. दर तीन तासांनी विचारायचं होतं. मी मोडलो असतो. तुम्ही म्हणाल, कालवणारानंच टोचायचं असतं; खरं काय ते तुझं तूच सांगायचं. हे भांडण आता असंच राहणार. पण त्या दोन चमचे साखरेबद्दल मी तुमचा उपकृत आहे, आणि तुमच्यावर रागावलेलोही आहे.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी अनसूयेच्या घरी गेलो. ती आता सत्त्याहत्तरची, निवृत्त मेट्रन, पुस्तकाचं काम तिच्याकडेच. ओट्यावर बसून आलेले लेख चष्म्याशिवाय वाचत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, सगळं, गणूपासून. तिनं हातातला कागद खाली ठेवला.

"रंग नव्हता?"

"नव्हता. नुसतं मिठाचं पाणी होतं."

"ताईंना ठाऊक होतं?"

"ओळखलं होतं त्यांनी. तुला बोलल्या नाहीत?"

"नाही." तिनं बाकीचे लेखही गोळा करून बाजूला सारले. मग म्हणाली, "मी मिरजेला जाऊन डोळे तपासून आले होते, दादा. दोनदा. डॉक्टर म्हणाला, बाई, तुझे डोळे घारीचे आहेत. माझा विश्वास बसला नाही. चाळीस वर्षं नोकरी केली, प्रत्येक बाटली शेजारच्या मुलीपुढे धरायची. बघ गं, तुला काय दिसतंय? मुली म्हणायच्या, मॅडम किती काळजी घेतात."

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

"आणि पारूबाईकडे दर दिवाळीला आष्ट्याला जायचे मी. पाया पडायला. तिला वाटायचं, मी तिला वाचवलं त्या मायेनं येते. परतताना चोळीचा खण द्यायची. बावीस खण झाले, दादा. एकही शिवला नाही मी."

एवढं बोलून तिला हसू आलं, आणि ते हसू निम्म्यातच थांबलं. मी हात जोडले. तिनं ते बघितले आणि म्हणाली, "ते राहू द्या. ते नंतर बघू, जमलं तर. आधी लिहा. आणि पुस्तकात छापून भागायचं नाही. गुरुवारी नर्सिंग कॉलेजात ताईंची सभा आहे. पहिल्या वर्षाच्या साठ मुली असतील. त्यांच्यापुढे तुम्ही वाचायचं."

म्हणून ही नोंद, ताई, तुमच्या साक्षीनं: सत्तेचाळीस साली सांगलीत अनसूया रामू माने हिनं एकही सुई चुकवली नाही. औषधाला रंग नाही हे तिनं बघितलं, त्याच वेळी विचारलं, आणि वरिष्ठांपुढे खरं सांगितलं. खोटं मी बोललो. औषध मी काढलं. तुमच्या शिकवण्यात काही चुकलं नव्हतं.

काल सगळं लिहून तिला वाचायला दिलं. तिनं दोन वेळा वाचलं, आष्ट्याच्या शेळीपाशी पेन्सिलीनं खूण करून "हे खरंय" असं लिहिलं, आणि कागद परत केले. मी म्हणालो, "अनसूया, साठ मुलींपुढे माझा आवाज फुटायचा नाही. तू तेवढी माझ्या शेजारी बसशील का?"

"शेजारी नाही," ती म्हणाली. "मी समोर बसणार. मला ऐकायचंय."